रिंगा बसेपर्यंत

मंगळवार, दोन डिसेंबर. सकाळचे साडेसहा. गाडीची टाकी उतरवून ओसरीच्या कट्ट्यावर ठेवली आणि पहिल्या नटाला पाना लावला.

साखर कारखान्याचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. गळिताचा हंगाम लागला की आमच्या गावाची हवा बदलते. वाऱ्यावर मळीचा वास येतो. शिवारात कोणी पाचट पेटवले की काजळीच्या बारीक काड्या तरंगत येतात आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर, दुधाच्या चरवीत, पुस्तकाच्या उघड्या पानावर बसतात. बोट लावले की त्यांची शाई होते. अशा दिवसांत इंजिन उघडू नये. हे मला कळते, कारण माझी सारी नोकरी लष्कराच्या वाहनदुरुस्तीत गेली. तरीही हे इंजिन मी दोन वेळा उघडले आणि दोन्ही वेळा हंगामच चालू होता.

पहिली वेळ निवृत्त होऊन घरी आलो त्या वर्षीची. ही दुसरी. मधल्या काळात गाडीने तक्रार केली नाही. साडेतीनशे सीसीची जुनी मोटारसायकल. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. यंदा पावसाळ्यात ती निळसर धूर टाकू लागली. पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्या की तेल वर चढते आणि जळते. धूर निळा होतो तो त्यामुळे.

त्याच पावसाळ्यात, श्रावणात, माझी पत्नी गेली.

मुलगा चाकणला कामाला असतो, शनिवारी येतो. दिवाळीत तो ओसरीच्या पायरीवर बसून म्हणाला, "आबा, आता बास करा की. ती गाडी झेपायची न्हाई तुमाला. एकजण हाय माझ्या वळखीचा, जपून ठेवंल."

"संक्रांतीपर्यंत थांब," मी म्हणालो. "माझ्या हातनं चालू झाली तर राहील. न्हाई झाली तर ने."

"शब्द?"

"शब्द."

तेवढ्यासाठी हे काम काढले. गाडी घरात राहावी, याखेरीज दुसरा हेतू नव्हता. रिंगा आणि पॅकिंग कराडहून आधीच आणून ठेवले होते.

आठच्या सुमारास नामदेव आला. तो माझ्या वयाचा, शेजारचा, दोन एकर उसाचा मालक. तोड कधी मिळते या काळजीत तो महिनाभर गावात फिरत असतो. कट्ट्यावर टेकून त्याने टाकीकडे पाहिले, सायलेन्सरकडे पाहिले आणि मग माझ्याकडे.

"सुभेदार, ह्या वयात गाडी न्हाई उघडत, माणूस उघडत्यात. सांगलीला, दवाखान्यात."

"तेरा नंबरचा पाना दे."

"दितो. पर येक सांगा, उघडायला तुमी हायसा. झाकायला कोन हाय?"

त्याने पाना दिला, थोडा वेळ बसला, तंबाखू मळली आणि जाताना म्हणाला, "लय वंगाळ दिसतंय गड्या, असं हाडं मोकळी पडल्यावानी."

तो गेल्यावर मी त्या प्रश्नावर विचार केला. सिलिंडर काढायला एक माणूस पुरतो. बसवायला दोन लागतात. एकाने जड सिलिंडर वरून तोलून धरायचा आणि दुसऱ्याने खाली पिस्टनवरच्या रिंगा बोटांनी चारही बाजूंनी दाबून धरायच्या, तेव्हा तो त्यांच्यावरून उतरतो. रिंगा आवळण्याचे साधन मिळते. ते माझ्याकडे कधी नव्हते, कारण कधी लागले नाही.

त्या पहिल्या हंगामात आमच्या लग्नाला वीस वर्षे झाली होती. पण माझ्या सुट्ट्यांची बेरीज केली तर संसार तीन-सव्वातीन वर्षांचा भरला असता. मी घरी आलो तेव्हा मुलगा माझ्यासमोर बसून जेवत नसे. ती माझे ताट वाढून दाराआड उभी राहत असे. मी पहाटे उठून अंगणात येरझारा घालत असे. बोलायचे काय, हे दोघांनाही ठाऊक नव्हते. चहा झाला का, झाला. पाणी आले का, आले. दिवस एवढ्यावर उरकत होता. तिला मी नावाने हाक मारली नाही. आमच्या पिढीत ती रीत नव्हती. ती मला "आवं" म्हणायची. त्या एका शब्दाचे तिच्याकडे बरेच प्रकार होते. ते मला पुढे कळले.

गाडी जुनीच विकत घेतली होती. पेन्शनच्या कागदांसाठी दोघांनाही साताऱ्याला जावे लागले. परत येताना मी हमरस्त्यावर गाडी सोडली तशी सोडली. मला वेगाची सवय होती आणि मागे बसलेल्या माणसाची नव्हती. उंब्रजच्या अलीकडे इंजिनाने एक कोरडा आवाज केला आणि मागचे चाक जागीच धरले. गाडी घसरत कडेला गेली. आम्ही पडलो नाही.

"थांबवली का वं?" तिने विचारले.

"थांबली."

पिस्टन सिलिंडरला चिकटला होता. तासभराने आमच्या बाजूचा एक ट्रॅक्टर ऊस टाकून रिकामा परतताना दिसला. चौघांनी मिळून गाडी ट्रॉलीत चढवली. पाचटावर ती आडवी निजवली आणि आम्ही तिच्या दोन बाजूंना बसलो. ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी लावलेली होती. ट्रॉली प्रत्येक खड्ड्यात उडत होती आणि ती एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने पदर धरून बसली होती. मी संतापलो होतो. एवढ्यात ती हसू लागली. मी रागाने पाहिले.

"आवं, वरातीला बी असं वाजत-गाजत न्हाई आनलं मला," ती म्हणाली.

वीस वर्षांत मी तिला मोठ्याने हसताना प्रथम ऐकले. त्या आवाजाचे मी काय करावे, हे मला कळले नाही. मी ट्रॉलीबाहेर बघत राहिलो.

मग याच ओसरीत इंजिन उघडले. ती आधी दारातून पाहत होती, मग उंबऱ्यावर बसली, मग खाली. तिसऱ्या दिवशी तिने दाभण आणि सुतळी आणली. मी सोडवलेले नट आणि वायसर ताटलीत टाकत होतो. ती ते सुतळीत ओवू लागली, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने, प्रत्येक जागेच्या नटांनंतर एक गाठ. दसऱ्याला झेंडूच्या माळा करतात तशी माळ झाली. ती तिने खुंटीला टांगली. जोडताना उलट्या टोकाकडून सोडवत गेलो आणि एकही वायसर शोधावा लागला नाही. आजही मी सुतळी घेतली. माझ्या गाठी सुटतात. दुपारपर्यंत तीन वायसर ओसरीच्या फटीत गेले होते आणि मी ते काडीने काढत बसलो होतो.

चिंध्याही तिच्याच. रोजच्या नेसण्यातले लुगडे विरले की ती ते टराटरा फाडायची आणि सोड्याच्या पाण्यात उकळायची. मऊ सुती कापड इंजिनाला सर्वांत चांगले. त्याचे तंतू सुटत नाहीत. त्या तुकड्यांची एक लाकडी पेटी ओसरीच्या कोपऱ्यात कायम भरलेली असे. गाडी पुसायची तर त्या पेटीतून कापड घ्यायचे, हा घरातला नियम. "नेसून झालं की इंजिनाला," असे ती म्हणायची. सुनेलाही तिने हेच शिकवले.

दुपारी एकच्या आत सिलिंडरवरचे झाकण, म्हणजे हेड, उतरले आणि सिलिंडर वर उचलून बाजूला ठेवला. पिस्टन उघडा पडला. अशा वेळी पहिले काम म्हणजे पिस्टनच्या दांड्याभोवती, खालच्या पोकळीच्या तोंडात, कापड कोंबायचे. काही आत पडले तर सारे इंजिन सोडावे लागते. काजळी उडतच होती. पेटीत हात घातला, वरचे कापड घेतले, कोंबले, आणि त्याच कापडाने पिस्टनवरचे काळे तेल पुसू लागलो. बरेच पुसून झाल्यावर काठ वर आला. हिरवा, त्यात बारीक तांबडी रेघ.

ते लुगडे मला ठाऊक होते. श्रावणातल्या त्या सकाळी दवाखान्यात नेण्यापूर्वी ती ते नेसून अंगणात उभी होती आणि शेवग्याच्या फांदीला काठी लावायला सांगत होती. फांदी वाकली होती. मी काठी लावली.

आमच्याकडे तेराव्यानंतर चांगली लुगडी लेकीबाळींत वाटतात आणि जुनी नदीला सोडतात. मी तेव्हा त्यात लक्ष घातले नाही. बायकांचा विषय होता. काहीतरी एक बाजूला ठेवा, असे म्हणायला तोंड उघडले नाही. कोणीतरी ठेवले असेल, असे मी धरून चाललो होतो.

सून रेखा अंगणवाडीतून आली. माझ्या हातातले कापड पाहून ती दारातच थांबली.

"हे कुठलं?" मी विचारले.

"आत्तीचं." तिने पिशवी खाली ठेवली. "रोजची तीन हुती. भावकीतल्या काकू म्हनल्या, पाण्यात सोडा. मला न्हाई सोडवलं, आबा. आत्ती असंच करायच्या न्हवं? म्हनून फाडली, उकळली आन् पेटीत ठेवली. वाटलं, घरात तरी ऱ्हातील."

"तिन्ही?"

"व्हय." मग तिला कळले. "आबा... मी धुऊन आनते. आत्ताच्या आत्ता."

"इंजिनाचं तेल धुऊन जात न्हाई."

"रॉकेल हाय थोडं..."

"बरोबर केलंस तू. तिचाच नेम हाय त्यो."

ती पदर तोंडाला लावून आत गेली. तिचा दोष नव्हता. नियमाप्रमाणे झाले होते. मी स्वतः बारा-पंधरा लुगड्यांनी ही गाडी पुसली असेल, आणि एकदाही काठ पाहिला नव्हता. कापड माझ्या हातात होते. ठेवून द्यावे, असे वाटले. पण पोकळीचे तोंड उघडे ठेवता येत नव्हते. ते पुन्हा तिथेच कोंबले.

मग जुन्या रिंगा काढल्या. नव्या चढवल्या. सिलिंडर आतून पॉलिश पेपरने घासला, रॉकेलने धुतला, तेल लावले. कापड काढून घडी करून कट्ट्यावर ठेवले आणि सिलिंडर उचलला.

एकट्याने होत नाही. डाव्या हाताने सिलिंडर पेलला तर तो थरथरतो. उजव्या हाताने वरची रिंग दाबली तर खालची उघडते. पुन्हा केले. सुती दोऱ्याने रिंगा आवळून पाहिल्या, दोरा तुटला. बिडाची रिंग काचेसारखी असते, वाकडा जोर लागला तर मोडते. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मान घामाने भिजली. डिसेंबरात.

समोर कोणीतरी बसल्याचे जाणवले. रेखा होती. डोळे लाल होते, हात धुतलेले.

"मी धरते."

"बोटं कापतील."

"कापू द्या."

सांगणे भाग पडले. "वरची आधी. दोन्ही अंगठ्यांनी. दाब."

"व्हय आबा."

"तशीच धर. आता खालची."

"व्हय आबा."

"सोड."

"व्हय आबा."

सिलिंडर एका झटक्यात उतरला. पहिल्या वेळेपेक्षा सहज. मी मान खाली घालून नट आवळू लागलो, कारण मला काहीही दिसेनासे झाले होते.

पहिल्या वेळी मी असाच हुकूम सोडत होतो. दाब. सोड. पुन्हा दाब. तेव्हा रिंगने तिचे बोट कापले, तिने ते तोंडात घातले आणि माझ्यावर डोळे वटारून म्हणाली, "आवं, मी काय तुमच्या पलटणीतली हाय व्हय? नीट सांगा की जरा. न्हाईतर धरा तुमचं तुमी." माझ्याशी त्या स्वरात चोवीस वर्षांत कोणी बोलले नव्हते. मी सिलिंडर पुन्हा उचलला आणि म्हणालो, "दाबतेस का?" ती म्हणाली, "आता कसं!" मला वाटते, आमचे लग्न त्या दुपारी झाले.

पण मला आठवतो तो हंगाम इंजिन जोडण्याचा कमी आणि त्यानंतरचा अधिक. नव्या रिंगा लगेच बसत नाहीत. त्या आणि सिलिंडर एकमेकांवर घासून, एकमेकांचा आकार घेऊन बसाव्या लागतात. तोवर पाचशे किलोमीटर गाडी चाळीसच्या वर न्यायची नाही. उभी ठेवायची नाही, पळवायचीही नाही. मला हे शिक्षेसारखे वाटले. काम नसताना हळू जाणे मला ठाऊक नव्हते.

"मग जाऊ या की कुठंतरी," ती म्हणाली. "मी ह्या जिल्ह्यात जन्मले, पर माहेर आन् सासर सोडून काय बघितलंय?"

आम्ही रोज निघू लागलो. उसाच्या गाड्यांच्या मागून, बैलांच्या घुंगरांबरोबर. सातारा जिल्ह्यातल्याच खंडाळ्याला तिची बहीण होती. तिथे जाताना घाटात इंजिन थंड करायला थांबलो आणि तिने रस्त्याकडेच्या बाईकडून हरभऱ्याचे डहाळे घेतले. मी उभा, ती कठड्यावर, दोघेही घाटे सोलत होतो. येणाऱ्याजाणाऱ्यांनी आम्हांला पळून आलेले समजले असावे, असे ती म्हणाली. मी तिला गप्प बसायला सांगितले. ती बसली नाही.

वेगात मागच्या माणसाचे बोलणे वारा घेऊन जातो. चाळीसच्या वेगात ते ऐकू येते. वीस वर्षे तिने जे समोरासमोर सांगितले नाही ते ती माझ्या पाठीला सांगू लागली. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, तिला माझा. औंधला यमाईला निघालो त्या दिवशी, दोन्ही बाजूंना शाळू निसवून कणसांवर आला होता, ऊन कोवळे होते, आणि ती बोलता बोलता म्हणाली, "मुलाच्या आदी येक पोरगी हुती. तुमाला कळवलं तसं मेलेली न्हवती जन्मली. दोन दिस हुती. मामंजी म्हनले, त्यो सरहद्दीवर हाय, त्येला दोन दिसाची माया कशाला लावता. म्हनून तसं कळवलं."

इंजिन चालू होते. मी मान वळवली नाही. वळवता येत नव्हती.

"केस लय हुते तिला," ती म्हणाली. "तुमच्यागत कपाळ."

काटा चाळीसवर होता. तो मी तसाच ठेवला. बरेच पुढे गेल्यावर मी विचारले, "थंडी वाजते का?"

"न्हाई. चालवा तुमी."

तिने कपाळ माझ्या पाठीला टेकवले आणि ते औंध येईपर्यंत तसेच राहिले. डोंगरावर तिने देवीची ओटी भरली. मी खाली गाडीजवळ उभा राहिलो. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. त्याची गरजही उरली नव्हती. पाचशे किलोमीटर भरल्यावरही मी गाडी चाळीसच्या वर फारशी नेली नाही. गावात त्यावरून चेष्टा झाली. सुभेदाराची गाडी सायकलीसंगं पळते, असे पोरे म्हणत. मी खुलासा केला नाही.

सहा वाजता सर्व जोडून झाले. हेड, रॉकर, कार्बोरेटर, टाकी. तेल भरले. पेट्रोलची नळी लावली. रेखा कंदिलाच्या जागी मोबाइलचा उजेड धरून उभी होती. तिच्या अंगठ्यावर चीर गेली होती. तिने ती मला दाखवली नाही.

"मारा की किक, आबा."

मी किकवर पाय ठेवला. दाब चांगला लागला. एका किकेत चालू झाली असती. यात मला शंका नाही. चालू झाली असती तर उद्या सकाळी तिला बाहेर काढावी लागली असती. नव्या रिंगा. पाचशे किलोमीटर. चाळीसचा वेग, ज्यात मागचे सगळे ऐकू येते.

मी पाय काढून घेतला.

रेखा हुशार पोरगी आहे. "म्या बसंन की मागं," ती म्हणाली. "अंगनवाडी सुटल्यावर. जाऊ या सावकाश."

"न्हाई पोरी."

तिने उजेड विझवला नाही. मी मुलाला फोन लावला.

"गाडी जोडून झाली," मी म्हणालो. "शनिवारी येशील तेव्हा टेम्पो घेऊन ये."

"चालू झाली न्हाई व्हय?" त्याच्या आवाजात वाईट वाटणे होते. ते खरे होते.

"चालू केली न्हाई."

"म्हंजे?"

"शब्द दिलाय. ने. त्या माणसाला सांग, रिंगा नव्या हाईत. पहिले पाचशे हळू चालव म्हणावं. आन् मागं कुणाला तरी बसव."

मी फोन रेखाला दिला आणि ती तो घेऊन आत गेली. आतून बराच वेळ तिचा दबका आवाज येत होता. बाहेर ट्रॅक्टर जात होते. अंगणात काजळी पडतच होती. अंधारात ती दिसत नाही, चेहऱ्याला लागते.

जोडलेले इंजिन न चालवता उभे ठेवायचे असेल तर सिलिंडर आतून गंजतो. मी प्लग काढला. भोकातून चमचाभर तेल आत सोडले. किक हाताने सावकाश एकदा खाली दाबली, म्हणजे पिस्टन वरखाली होऊन तेल सगळीकडे लागते. मग प्लग परत बसवला, आणि पान्याने आवळला.